दोनदा गार्सिया

माझं माहेरचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर कराडच्या बाजूचे वाचक लगेच ओळखतील आणि मग कोणी कोणाला फोन करून माझी कुंडली बाहेर काढेल याचा नेम नाही. कारण ते आडनाव लावणारी एकेकाळी चारच घरं होती, आणि आता एकच दार उरलंय, माझ्या वडिलांचं. एका लहानशा गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागणारं, उच्चारायला जरा अडखळवणारं असं ते आडनाव आहे. पाटबंधारे खात्यात असताना आप्पांना, म्हणजे वडिलांना, नवीन आलेला प्रत्येक साहेब विचारायचा, "हे आडनाव कुठलं हो?" आणि आप्पा हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसायचे. पाटील, कुलकर्णी, जोशी यांना कोणी असं विचारत नाही, हे ते आम्हाला घरी येऊन ऐकवायचे.

आम्ही तिघी बहिणी. भाऊ नाही. आप्पांना एक चुलतभाऊ होता, त्याला मूलबाळ नव्हतं. तिघींची लग्नं झाली आणि तिघींची आडनावं बदलली. माझं तर पाळण्यातलं नावही बदललं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. तेव्हा ते कोणालाच वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पण धाकटीचं लग्न उरकल्यावर कधीतरी चहा पिता पिता आप्पा म्हणाले, "चला, आता आपलं आडनाव माझ्याबरोबर संपलं." अगदी सहज, साखर कमी झालीये म्हणावं तसं. त्यानंतर दर काही वर्षांनी ते वाक्य यायचंच. मला त्याचा राग यायचा.

हे सगळं कराडला राहिलं आणि आम्ही जर्मनीत आलो. फ्रँकफुर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये, जिथे माणसांपेक्षा ऑफिसं जास्त आहेत. माझं काम डेटा साफ करण्याचं. मोठ्या कंपन्यांच्या ग्राहकांच्या याद्या आमच्याकडे येतात. एकच माणूस दोनदा पडलेला असतो, पत्ता नावाच्या जागी गेलेला असतो, ते शोधून काढायचं आणि नीट करायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं. आणि मी त्यात चांगली आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या टीममध्ये कोणाला ओळ संशयास्पद वाटली की ती माझ्याकडे येते.

आमची एकुलती एक मुलगी इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. इंजिनियर झाली, हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला लागली, आणि एका शनिवारी जेवताना तिने सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा केमिस्ट, लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यात. जन्म तिथलाच, पण घर मूळचं स्पेनचं. त्याचे आजोबा तरुणपणी जर्मनीत मजुरीला आले आणि इथेच राहिले. आडनाव गार्सिया.

"मग तू आता गार्सिया होणार?" मी विचारलं.

"नाइन, आई," ती म्हणाली. "मी काहीच होणार नाही. मी आहे तीच."

मला वाटलं, आजकालच्या मुलींसारखा विचार असेल. चांगलंच आहे म्हटलं आणि विषय सोडला.

विहीणबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या घरी झाली. ठेंगणी, गोरी, मोठ्या आवाजाची बाई. हॉस्पिटलमध्ये लोकांचे खांदे-गुडघे ठीक करण्याचं काम करतात, त्यामुळे हात मिळवला तेव्हा माझी बोटं दुखली. जेवण झाल्यावर माझ्या नवऱ्याने, काहीतरी बोलायचं म्हणून, गार्सिया या आडनावाचा अर्थ काय असं विचारलं. झालं! त्यांनी टेबलावरच्या बश्या बाजूला सारल्या आणि सांगायला बसल्या. मला क्षणभर आप्पाच आठवले.

त्या म्हणाल्या, गार्सिया म्हणजे काय हे पक्कं कोणालाच माहीत नाही, आणि हीच तर मजा आहे. कोणी म्हणतं उत्तरेकडच्या बास्क भाषेतला अस्वलाचा शब्द त्यात आहे, कोणी म्हणतं तरुण या अर्थाचा. आधी ते आडनाव नव्हतंच, माणसाचं नाव होतं. उत्तर स्पेनमधल्या नावारा राज्याच्या जुन्या राजांमध्ये ते नाव लावणारे कितीतरी होऊन गेले. मग बापाचं नाव मुलाच्या मागे लागत लागत ते आडनाव होऊन बसलं. ते मला लगेच पटलं. आपल्याकडे बापाचं नाव मध्ये असतं. यांच्याकडे एका कुठल्या तरी बापाचं नाव शेवटी जाऊन तिथेच मुक्कामाला राहिलं. पुढे ते स्पेनभर पसरलं, जहाजांतून अमेरिकेला गेलं, फिलिपिन्सला गेलं.

"आणि आज," विहीणबाई खुर्चीत ताठ होत म्हणाल्या, "स्पेनमध्ये सगळ्यात जास्त कोणतं आडनाव आहे? गार्सिया!"

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की मी बघतच राहिले. आमच्या घरी अभिमान होता तो दुर्मीळ असण्याचा. इथे ही बाई आपण ढिगाने आहोत म्हणून छाती फुगवत होती. परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडचे पाटील." मी म्हटलं, "पाटील असं मिरवतात का?" तो म्हणाला, "तू कोल्हापूरला राहिली नाहीस."

लग्न दोन्ही पद्धतींनी करायचं ठरलं. आधी स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, आणि दुसऱ्या दिवशी एश्बॉर्नला हॉल घेऊन आपल्या पद्धतीने. पत्रिका तीन भाषांत. त्या कराडला छापायच्या, असा आप्पांचा हट्ट होता. गुडघ्यांमुळे ते विमानात बसू शकत नव्हते, पण छापखान्यात जाऊन बसू शकत होते. "मजकूर तू पाठव, बाकी माझ्यावर सोड," म्हणाले. मजकूर जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

जावयाने आपलं पूर्ण नाव मोबाइलवर पाठवलं. त्याच्या शेवटी लिहिलं होतं: गार्सिया गार्सिया.

मी हसले. असल्या ओळी मी रोज बघते. दोन रकान्यांत एकच मजकूर पडतो, माणसाने कॉपी करताना बोट दोनदा दाबलेलं असतं. हात आपोआप गेला आणि मी दुसरं गार्सिया पुसून टाकलं. वर स्वतःवर खूश झाले की बघा, डोळे किती तयार आहेत. नवऱ्यालाही दाखवलं. तोही सॉफ्टवेअरमधलाच. म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, ड्युप्लिकेट आहे." दोघांनी मिळून पत्रिका नीटनेटकी केली आणि बघायला विहीणबाईंना पाठवून दिली.

रविवारी दुपारी त्या आमच्या दारात उभ्या. फोन नाही, काही नाही. लुडविग्सहाफेनहून ट्रेन, मग एसबान, म्हणजे इथली लोकल, मग स्टेशनपासून चालत. हातात बदामाचा केक होता, पण चेहरा केकचा नव्हता. मी चहा टाकला. त्यांनी पर्समधून पत्रिकेची प्रिंट काढली, टेबलावर पसरली आणि मुलाच्या नावावर बोट ठेवलं.

"आल्झो, तर मग," म्हणाल्या, "इथून माझे वडील कुठे गेले?"

मला काही कळेना. पत्रिकेत त्यांच्या वडिलांचं नाव नव्हतंच मुळी. मी तसं म्हटलं.

"होतं. तुम्ही काढलंत. दुसरं गार्सिया."

मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे प्रत्येक मुलाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं, एक आईकडचं. लग्न झालं म्हणून बाई आपलं आडनाव बदलत नाही. आई आपलं घेऊन येते, बाप आपलं, आणि मूल दोन्ही लावतं. जावयाचं पहिलं गार्सिया बापाचं, आणि दुसरं विहीणबाईंचं.

"मला वाटलं, तुम्ही लग्नानंतर गार्सिया झालात," मी म्हटलं.

"मी?" त्यांचा आवाज शेजारी गेला असणार. "मी जन्मले तेव्हापासून गार्सिया आहे! घरचं असताना नवऱ्याचं कशाला घेऊ? आणि त्याचं गार्सिया आमच्यातलं नाहीच. त्याचे लोक दक्षिणेचे, ऑलिव्हवाले. आम्ही उत्तरेचे, आस्तुरियासचे. आमच्या डोंगरात आजही अस्वलं आहेत!"

नवरा स्वयंपाकघरात जाऊन हसत होता, ते मला खांद्यांवरून कळत होतं. मला मात्र हसू आलं नाही, कारण विहीणबाईंचे डोळे भरले होते. त्यांचे वडील इथल्या कारखान्यात पाळ्यांमध्ये राबले. मुकादमाने गार्सिया म्हणून हाक मारली की एकदम चारपाच माणसं वळायची, एवढे गार्सिया होते. इथे सगळ्यांना ते एकच माणूस वाटायचे. आणि मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा दर वर्षी नव्या बाई त्याच्या नावातलं एक गार्सिया चुकीचं समजून खोडायच्या. विहीणबाई दर वर्षी शाळेत जाऊन ते परत लिहायला लावायच्या. पोरगं कंटाळायचं, म्हणायचं, जाऊ दे ना, एक काय आणि दोन काय. त्या म्हणायच्या, दिसतं एकसारखं, पण माणसं दोन आहेत, आणि त्यातला एक माझा बाप आहे.

मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि दुसरं गार्सिया परत घातलं. त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचून दाखवत. अशी चूक माझ्याकडून ऑफिसात कधी होत नाही, हेही सांगितलं. त्या थोड्या निवळल्या. केक कापला. मग त्यांचं बोट पत्रिकेवर आमच्या मुलीच्या नावावर गेलं.

"हिचं एकच का?"

"आमच्यात एकच असतं."

"का? हिला आई नाही?"

मी कपात चमचा फिरवत राहिले. काही म्हणा, बाई रोखठोक होती. त्यांनी परत विचारलं, "तुमचं आडनाव काय?" मी सवयीने सांगितलं. "ते तुमच्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "तुमचं विचारतेय मी."

जर्मन कागदांवर गेबुर्ट्सनामे, म्हणजे जन्माचं आडनाव, असा एक रकाना असतो. इतक्या वर्षांत तो मी कितीदा तरी भरलाय. पण समोर बसून, तोंडाने, माझं आडनाव मला या देशात कोणी विचारलं नव्हतं. तसं आपल्या देशातही कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. विहीणबाईंनी ते म्हणून बघितलं, चुकल्या, परत म्हणून बघितलं. बरोबर येईपर्यंत सोडलं नाही. मग विचारलं, "तुमचे लोक किती आहेत?"

"एक," मी म्हटलं. "माझे वडील. त्यांच्यानंतर कोणी नाही."

त्यांनी हातातला केक खाली ठेवला. जिच्या आडनावाचे लोक अर्धं जग भरून उरलेत, त्या बाईला ही गोष्ट कळायला जरा वेळ लागला. कळली तेव्हा तिने माझा दंड धरला. तोही दुखला.

"मग ते घातलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "आमचं काय, आम्ही कधी संपत नाही. आमचं एखादं गळलं तरी चालेल, तुमचं गळता कामा नये. लिहा. बापाचं, मग तुमचं. माझ्या मुलाचं लग्न दोन आडनावांच्या मुलीशीच होणार."

मी नवऱ्याकडे बघितलं. शेवटी त्याच्या आडनावाशेजारी जागा मागायची होती. तो लॅपटॉपवर वाकला, मुलीच्या नावापुढे आपलं आडनाव होतं त्याच्या पुढे माझ्या आप्पांचं टाइप केलं आणि म्हणाला, "ओळ जरा लांब होतेय. अक्षर बारीक करू." त्याच्या त्या एवढ्याशा बोलण्याचं मला किती कौतुक वाटलं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. मुलीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि मग मराठीत म्हणाली, "छान दिसेल."

कायद्याने यातलं काही बदलणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पासपोर्टावर जे होतं तेच राहणार होतं. ही फक्त लग्नपत्रिका होती. पण आमच्याकडे लग्नपत्रिका आधी देवापुढे ठेवतात आणि मग माणसांना देतात. पासपोर्ट देवापुढे कोणी ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

मजकूर कराडला पाठवला. आप्पांना मुद्दामच काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मागे छापखान्याच्या मशिनचा आवाज येत होता.

"अगं, बरं झालं मी स्वतः आलो," ते म्हणाले. "पत्रिकेत दोन चुका आहेत. जावईबापूंचं आडनाव दोनदा पडलंय. ते मी काढायला सांगितलंय."

"आप्पा, ते काढू नका! ती दोन माणसं आहेत."

"दोन माणसं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. विहीणबाईंचे वडील, कारखाना, आस्तुरियासची अस्वलं, आईचं आडनाव. आप्पांना ते एकदम पसंत पडलं. "वा," म्हणाले, "खानदानी माणसं दिसतात." छापखान्यातल्या माणसाला ओरडून सांगितलं, ते दुसरं गार्सिया परत टाक रे. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "बरं, दुसरी चूक. पोरीच्या नावापुढे चुकून आपलं आडनाव पडलंय. हे तरी काढतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना? इथे, तिच्या आडनावापुढे. आपलं कसं काय आलं कोण जाणे. लोक हसतील, म्हणून म्हटलं विचारून काढावं."

"आप्पा," मी म्हटलं, "ते काढायचं नाही. ते मी घातलंय. आम्ही सगळ्यांनी मिळून घातलंय. ते तिच्या आईचं आहे."

मग छापखान्यातला माणूस काहीतरी विचारताना ऐकू आला, आणि आप्पांचा आवाज आला, घोगरा, पण चांगला मोठा: "हो, हो, आमचंच आहे. राहू दे. अक्षर जरा ठळक कर." मला किती पत्रिका हव्यात हे मी आधीच कळवलं होतं. त्यांनी त्याच्या दुप्पट छापून घेतल्या आणि कराडात जिथे जाता येईल तिथे रिक्षाने जाऊन स्वतः वाटल्या. लग्न जर्मनीत. येणार कोणी नव्हतं. तरी वाटल्या.

इथे एश्बॉर्नला पत्रिका हातात पडल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या एकीने विचारलंच, "अय्या, हे काय नवीन? माहेरचंपण लावलंय?" मी म्हटलं, "नवीन कुठे? मी जन्मले तेव्हापासून आहे." मी उत्तर विहीणबाईंकडून उचललं होतं हे तिला सांगायची गरज नव्हती.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये एका टेबलावर टॅबलेट उभा करून ठेवला होता, आणि त्यात आप्पा. पांढरा शुभ्र सदरा, वर कोट, डोक्यावर टोपी. पलीकडे संध्याकाळ झाली होती, पण ते सकाळपासून तसेच तयार होऊन बसलेत असं त्यांच्याजवळ बसलेल्या माझ्या बहिणीने सांगितलं. मंगलाष्टकांना त्यांनी तिकडून अक्षता टाकल्या. त्या त्यांच्याच खोलीत पडल्या. पंगती सुरू झाल्या तशा विहीणबाई हातात ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मला तुमच्या वडिलांशी बोलायचंय. मी मध्ये उभी राहिले, दोन्हीकडचं इकडचं तिकडे करायला.

विहीणबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि त्यांचं आडनाव घेऊन हाक मारली. स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. घरी सराव केला असणार. आप्पा खुर्चीत जरा पुढे सरकले.

"त्यांना सांग," ते मला म्हणाले, "मी तीन मुलींची लग्नं केली. तिन्ही वेळा विहिणीचे पाय धुतले. पद्धत होती, माझी तक्रार नाही. पण पाय धुताना मान खाली असते, समोरच्याचं तोंड दिसत नाही. आज मला त्या पद्धतीने बसायचं नाही. त्यांना म्हणावं, जरा उजेडात बसा. मला विहीणबाईंचा चेहरा बघायचाय."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. विहीणबाईंनी ताट माझ्या हातात दिलं, खुर्ची खिडकीकडे ओढली, केस मागे सारले आणि टॅबलेटसमोर ताठ बसल्या. आप्पांनी चष्मा नीट केला, मान वर करून त्यांच्याकडे पोटभर बघून घेतलं, आणि मग हात जोडण्याऐवजी हात उंच करून हलवला.